माहेरी गेली की बरी

माझी सून रंजना माहेरी गेली की बरी व्हायची. हे मी बारा वर्सं नळावर, लग्नात, बारशात, चार बाया भेटतील तितं सांगितलं. खोटं न्हाई बोलले. कुसगावात आमच्या घरी असली की तिचं पोट फुगायचं, हातपाय गळायचे, तोंड पांढरंफटक पडायचं. बेडश्याच्या वरच्या वाडीवर बापाकडं दोन महिने राहिली की गाल वर यायचे. याला ढोंग न्हाई तर काय म्हणायचं?

आमच्याकडं कमी काय होतं? माझा लखन खंडाळ्याच्या हॉटेलात तंदूरवर. आमीबी मूळचे डोंगरावरचेच, पण खाली आलो आणि भाकरी सुटली. रोज गव्हाची चपाती, वर लखननं आणलेले नान. मला त्याचा तोरा होता. रंजना अर्ध्या ताटावरनं उठली की मी टोमणा मारायचे, नाचणीवर वाढलेलीला गहू कसा गोड लागंल. गेल्या सालच्या शिमग्याला ती गेली ती दोन महिने आलीच न्हाई. मी लखनला सांगून टाकलं, राहू दे तितंच, दुसरी बघू.

तेवढ्यात गावात तपासणी लागली. गोळ्या खाऊनबी ज्यांचं रक्त वाढत न्हाई अशा मोठ्या माणसांना बोलावलं होतं. लखन रंजनाला घेऊन आला. मीबी गेले, म्हटलं डॉक्टरीण तरी माझ्या बाजूनं बोलंल. अनघा मॅडमपुढं मी तणतणले, हिला काय झालंय, माहेरी गेली की बरी होती.

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी मलाच विचारलं, "माहेरी काय खाते ती?"

नाचणी, वरई, भात, मी म्हटलं. बोलता बोलताच ध्यानात आलं, यात गहू कुटंच न्हाई.

मॅडम म्हणाल्या, काही माणसांच्या आतड्याला गहू सोसत न्हाई, सिलियाक म्हणतात त्याला. पण गहू सोडलेला असला तर तपासणीत हा आजार सापडत न्हाई. सहा आठवडे रोज चपाती खायची, मग रक्त घ्यायचं. रंजना माझ्याकडं बघत राहिली. मग पिशवी घेऊन आमच्या घरी आली.

ते सहा आठवडे मी पैल्यांदा डोळे उघडून सुनेकडं बघितलं. चौथ्या दिवशी पोट तट्ट. तिसऱ्या आठवड्यात भिंत धरून चालायला लागली. एका दुपारी चपाती तिच्या ताटात टाकताना माझा हात पुढंच जाईना.

"वाढा, आत्या," ती म्हणाली. "एकदाचं कळू दे तुमाला."

मी वाढली. चुलीपाशी तोंड फिरवून रडले.

रक्तात सापडलं. मग पुण्याला नळी घालून आतला फोटो काढला. मॅडमनी दोन फोटो शेजारी ठेवले. चांगलं आतडं नव्या टॉवेलासारखं, धाग्याधाग्याचं. रंजनाचं, पुसून पुसून गुळगुळीत झालेलं फडकं. अगं बाई, माणसाच्या पोटात असं काय असतं हे मला साठ वर्सांत ठाऊक नव्हतं! गहू सोडला की धागे परत उगवतात, मॅडम म्हणाल्या. उगवतात! मी तो फोटो कितीदा बघितला असंल. ज्या नाचणीला मी नाक मुरडलं, तिनंच माझी सून बारा वर्सं जगवली होती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः वाडीवर चढले. बारा वर्सांत त्या घरचं पाणी प्याले नव्हते. विहीणबाईंकडं नाचणी मागितली. त्यांनी पोतं भरून दिलं. आता घरात गव्हाचा डबा न्हाई. लखनला चपाती लागली तर त्यानं हॉटेलातच खावी.

परवा नळावर रंजना हंडा डोक्यावर घेऊन तरातरा गेली. बाया बघतच राहिल्या. एकीनं मला हळूच विचारलं, "सून कवा आली माहेराहून? लय बरी दिसती."

"माहेरी गेलीच न्हाई ती," मी म्हटलं. "वरीस झालं, घरीच हाय."