गाडीचं दावं

या सौद्यात शालिग्राम पाटलाच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून ठेवतो. एक नवी सात जणांची गाडी. जुन्या गाडीचे दोन लाख सत्तर हजार. आणि साडूचं उतरलेलं तोंड. या तिघांत त्याला सर्वांत मोलाचं काय वाटत होतं, हे आमच्या दापोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. नवी गाडी तर त्याला पुढच्या वर्षीही घेता आली असती.

साडू म्हणजे भाईदास. गोदाबाई आणि वैजयंती या सख्ख्या बहिणी. थोरली शालिग्रामच्या घरी, धाकटी भाईदासच्या. नऊ वर्षांपूर्वी दोघा साडूंनी एकाच आठवड्यात एकाच कंपनीची, एकाच रंगाची गाडी घेतली होती, कारण एकानं घेतली आणि दुसऱ्याला झोप लागेना. भाईदासनं आपली गाडी गेल्या दिवाळीत खंडव्याच्या एका माणसाला दोन लाख साठ हजाराला विकली, आणि तेव्हापासून तो हा आकडा रामरामाच्या जागी वापरू लागला. कुठंही भेटला की, "काय भो, बरं आहे ना? आपली दोन साठला गेली बरं का!"

शेवटी एका साखरपुड्याच्या पंगतीत शालिग्राम उसळला. "दोन साठच्या वर एक रुपया तरी घेऊन दाखवतो!"

पैज लागली. जो हरेल त्यानं दोन्ही घरांना, आणि त्या दिवशी दारात येईल त्या प्रत्येकाला, पोटभर मावा जलेबी खाऊ घालायची आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, "साडूभाऊ, तुम्ही शहाणे, मी भोळा." जलेबीचं काही नाही, ती दोघांनाही परवडते. हे वाक्य मात्र दोघांच्याही घशाखाली उतरणारं नव्हतं. जुन्या गाडीपोटी शोरूमच्या कागदावर सगळं धरून जो आकडा येईल तोच खरा, असंही ठरलं. साक्षीला मला घेतलं. केळी सोसायटीचे हिशेब मी लिहितो, आणि दोघांबद्दलही मी सारखंच वाईट बोलतो.

शालिग्राम आधी आपल्या गाडीच्याच कंपनीच्या शोरूमला गेला. त्यांनी दोन चाळीसच्या वर हात हलवला नाही. घरची गाडी, घरचं गिऱ्हाईक. त्याला कोण ओवाळणार? मग तो दुसऱ्या कंपनीच्या दारात गेला. तिथं त्याचं स्वागत परगावच्या सुनेसारखं झालं. गाडीचे दोन पंचेचाळीस, आणि दुसऱ्या कंपनीचा माणूस फुटून आपल्याकडं आला म्हणून वर पंचवीस हजारांचा बोनस. झाले दोन सत्तर. बोनस महिनाअखेरपर्यंतच. म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही चौघं त्या जुन्या गाडीतून बऱ्हाणपूरला निघालो. शालिग्राम गाडी चालवत होता, शेजारी भाईदास, मागं मी आणि गोदावहिनी. वहिनींच्या मांडीवर पर्स होती आणि तोंडात लवंग.

वहिनींबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या गोठ्यात आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. पण गोठ्याच्या भिंतीला खुंटीवर तीन दावी टांगलेली आहेत. तीन बैल विकले, तीन दावी राहिली. आपल्याकडं जनावर देतात, त्याला बांधायचं दावं देत नाहीत. दावं गेलं की गोठ्याची बरकत गेली. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. वहिनी ही रीत त्यांच्या सासूकडून शिकल्या आणि सासूपेक्षा कडक पाळतात. पोळ्याला त्या याच गाडीला झूल घालायच्या, आणि बॉनेटसमोर पुरणपोळी धरायच्या. ती पोळी नंतर शालिग्राम खायचा.

शोरूममध्ये गाडी तपासायला विपुल नावाचा मुलगा होता. बऱ्हाणपूरच्याच सिंधीपुऱ्याचा, चकचकीत बुटांचा, अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारा. त्यानं गाडीभोवती प्रदक्षिणा घातली.

"काका, ये डेंट?"

"म्हैस."

"अन सीटवर हे काळे डाग? हे तर निघणारच नाही."

"केळीचा चीक आहे बाबा. माझ्या लग्नाच्या सदऱ्यावर पण आहे. बायकोनं तरी चालवून घेतलं."

विपुल हसला, डागांचं काही कापलं नाही. आत आलो, चहा आला, दोन सत्तरचा कागद निघायला लागला. शालिग्रामनं पाय पसरले. भाईदास मात्र उगाच इतका शांत बसला होता, की मला तेव्हाच काहीतरी वास यायला हवा होता.

"काका, दुसरी चावी द्या," विपुल म्हणाला.

"कुठली दुसरी?"

"गाडीच्या दोन चाव्या येतात ना? एक हीच, माझ्या टेबलावर आहे. दुसरी नसली तर बारा हजार कट होतात. पूरा लॉक सेट बदलना पड़ता है."

दोन सत्तरातून बारा गेले, राहिले दोन अठ्ठावन्न. हा हिशेब माझ्याआधी भाईदासनं केला, कारण त्याच्या मिशा हलल्या.

शालिग्रामनं घरी पोराला, रितेशला, फोन लावला. "कपाटात बघ... देव्हाऱ्यात बघ... तांदळाच्या डब्यात बघ... अरे, तुझी माय कुठं ठेवते ते मला काय माहीत!" मग बाजूलाच बसलेल्या बायकोकडं वळला. "गोदे, दुसरी चावी कुठं आहे व?"

"असेल घरी," वहिनी छताकडं बघत म्हणाल्या.

"जाऊ दे ना दादा," भाईदास मायेनं म्हणाला. "दोन अठ्ठावन्न काही वाईट नाही. लोकांना तेवढे पण मिळत नाहीत. जलेबी कुठून आणायची ते तेवढं ठरव."

दापोऱ्याला जाऊन शोधाशोध करून परत यायला वेळ होता. पण कुठं शोधायचं हेच माहीत नसेल तर वेळ काय कामाचा? शालिग्रामचा चेहरा लिलावात भाव पडल्यासारखा झाला. त्याच्या ओठांवर ते वाक्य येऊन बसलेलं मला दिसत होतं. मी भोळा.

तेवढ्यात काचेबाहेर उभी असलेली गाडी बोलली. टुक टुक! चारी दिवे लुकलुकले.

विपुलनं टेबलावरच्या चावीकडं पाहिलं. ती चहाच्या कपाशेजारी गुमान पडली होती. "मैंने तो हाथ भी नहीं लगाया."

पुन्हा टुक टुक.

"वायरिंग गेली वाटतं," भाईदास म्हणाला. "तिचे पण कापून टाका."

शालिग्राम गाडीकडं बघत नव्हता. लग्नाला तीस वर्षं झालेला माणूस अशा वेळी गाडीकडं बघत नाही. तो बायकोच्या पर्सकडं बघत होता, आणि पर्सवर वहिनींचा अंगठा होता.

"गोदे, पर्समधी काय आहे?"

"लवंगा."

"लवंगांनी गाडी उघडते का?"

वहिनींनी पर्स उघडली. रुमालात गुंडाळलेली, लाल दोरा बांधलेली चावी निघाली. "दावं आहे ते," त्या म्हणाल्या. "जनावर दिलं, दावं देणार नाही. तुमच्याच मायनं शिकवलं मला."

विपुलला मी दाव्याचा अर्थ समजावला. त्यानं कपाळ खाजवलं. "पण काकी, सिस्टीममध्ये असं ऑप्शनच नाही."

भाईदास खुर्चीत पुढं सरकला. "नसू दे! बरोबर आहे ताईचं. रीत म्हणजे रीत. बारा हजारांसाठी घरची बरकत घालवता का दादा?"

"हो ना भाऊ," वहिनी गोड आवाजात म्हणाल्या. "वैजयंतीनंच मंगळवारी फोन करून आठवण दिली. म्हणे अक्का, चावी म्हणजे गाडीचं दावं, एक तरी घरात ठेव. मला नवलच वाटलं. ती सून म्हणून गेली तेव्हापासून तिच्या घरी बैल नाही अन खुंटा नाही, तिला दाव्याची आठवण कोणी करून दिली असेल?"

शालिग्राम सावकाश साडूकडं वळला. "भाईदास, तू खंडव्याला किती चाव्या दिल्या?"

"मी? आता... गाडीसंगं ज्या होत्या त्या."

"म्हणजे दोन."

"दोनच असतील."

"अन तुझं दावं?"

भाईदासनं आणखी एक चहा मागवला.

पण वहिनी चावी सोडायला तयार नव्हत्या. साडू लबाड निघाला म्हणून रीत काही खोटी ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मलाही पटलं. शालिग्राम उठला, दोन येरझाऱ्या घातल्या आणि थांबला.

"गोदे, चावी म्हणजे दावं नाही व. चावी म्हणजे वेसण. वेसण बैलाच्या नाकात असते, ती त्याच्यासंगंच जाते. आपण सर्जा बैल विकला तेव्हा त्याची वेसण काढून घेतली होती का?"

"नाही."

"मग?"

"मग गाडीचं दावं कुठं आहे, ते दाखवा."

तो बाहेर गेला. आम्ही सगळे त्याच्या मागं, विपुलसुद्धा. शालिग्रामनं डिकी उघडली, स्टेपनीखाली हात घातला आणि एक जाड दोर ओढून काढला. काळी माती वाळून त्याला खवले आले होते. दर पावसाळ्यात शेतरस्त्यावर ही गाडी रुतायची आणि दर पावसाळ्यात ट्रॅक्टर याच दोरानं तिला ओढून काढायचा. दोराच्या टोकाला वहिनींच्या हातची गाठ होती. त्यांनी ती चाचपून पाहिली.

"हे दावं," त्या म्हणाल्या आणि दोराचं वेटोळं काखेत मारलं. पण चावी अजून मुठीतच होती. "एक सांगा. ही चावी दिली नाही तर बारा हजार जातात ना?"

"जातात."

"दिली तर वाचतात?"

"वाचतात व माय!"

"मग वाचवले कोणी? ते कोणाचे?"

शालिग्रामनं एकदा भाईदासकडं पाहिलं, एकदा घड्याळाकडं. "तुझे! घे! सगळे घे!"

"भाऊजी, ऐकलं ना?" वहिनी मला म्हणाल्या. मी साक्षीलाच आलो होतो. ऐकलं.

मग त्यांनी चावी दिली. पर्समधून कुंकवाची पुडी काढून गाडीला बोट लावलं आणि विपुलला विचारलं, "कोणाच्या घरी जाणार ही?"

"चांदनी गावच्या एक मॅडम आहेत, रंजिता मॅडम. शाळेत येण्या-जाण्यासाठी पाहून गेल्या."

"धुतील ना वेळच्या वेळी?"

"धुतील काकी, पक्का."

कागदावर दोन लाख सत्तर हजार आले. नव्या गाडीत भाईदास मागच्या, अगदी मागच्या सीटवर बसला आणि दापोऱ्यापर्यंत खिडकीतून केळीचे बाग मोजत आला.

रविवारी त्यानं जलेबी घातली. कढई त्याच्याच अंगणात मांडली होती; गरम, काळीभोर, मावा भरलेली जलेबी, आणि दारात येईल त्याला म्हटल्यामुळं अर्धं गाव दारात आलं. वाक्यही म्हणावं लागलं. पहिल्यांदा पुटपुटला तर पोरांनी "ऐकू नाही आलं!" असा गिल्ला केला. दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणाला, "साडूभाऊ, तुम्ही शहाणे, मी भोळा!" आणि स्वतःच हसत सुटला. शालिग्रामनं त्याला मिठी मारून त्याच्या तोंडात आख्खी जलेबी कोंबली. वैजयंती "मी भोळा"वर मनापासून मान डोलावत होती.

मी पाणी प्यायला मागच्या पडवीत गेलो, तर तिथं वहिनी धाकटीच्या हातात नोटा ठेवत होत्या. बाराचे अर्धे, सहा हजार.

"हे कशाचे?" मी विचारलं.

"फोनचे," वहिनी म्हणाल्या.

मी वैजयंतीकडं पाहिलं. "भाईदासनं पढवून फोन करायला लावला, हे तू अक्काला तेव्हाच सांगितलं होतंस?"

"यांनी जे सांगायला सांगितलं ते सांगितलं," वैजयंती म्हणाली. "कोणी सांगायला सांगितलं, ते पण सांगितलं. अक्कापासून मी काही लपवत नाही."

"अन ती टुक टुक, वहिनी?"

"लवंग शोधत होते."

आता शेवटचा हिशेब. शोरूमनं दोन लाख सत्तर हजार मोजले. शालिग्रामनं त्यातले बारा बायकोला दिले, म्हणजे हातात राहिले दोन अठ्ठावन्न, भाईदासपेक्षा दोन हजार कमी. पण ही वजाबाकी त्यानं अजून केलेली नाही आणि मीही करून दाखवणार नाही. भाईदासनं जलेबीचे साडेतीन हजार दिले आणि एक वाक्य दिलं. विपुलनं पाच कप चहा दिला. मी साक्ष दिली. आणि दोघी बहिणींनी? गोठ्यात जाऊन खुंटी पाहा. तिथं आता चार दावी आहेत. त्यांनी दावंसुद्धा दिलं नाही.