गोधडी पिळायला दोघी लागतात

इरा नावाच्या त्या पोरीशी माझं वाजलं ते मे महिन्यात. पुण्याच्या कॉलेजातनं आलेली, बारामती कशी बदलतीय याचा अभ्यास करायला. आमच्या कॅनॉलच्या पायऱ्यांवर दुपारभर बसली आणि मला म्हणली, "काकू, हा घाट कुणी वापरतच नाही. इथून फिरायचा रस्ता होणार आहे. सगळीकडे रेलिंग लागेल."

"अगं बाय माझे! उन्हाळ्यात कोण गोधड्या धुतं?" मी उखडलेच. "घट बसायच्या आदल्या रविवारी ये. पाय ठेवायला जागा गावली तर जयवंता नाव सांगणार न्हाय."

"बरं, येते. बायका दिसल्या तर रेलिंगला फाटक ठेवा असं अहवालात लिहीन."

काय दिवस हुते ते! सांगवीहून लग्न होऊन आले, तवा ह्या गावात माझं कुणी न्हवतं. ह्याच पायऱ्यांवर छबूबाई भेटली. भिजलेली गोधडी एकटीला पिळत न्हाय. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती मुद्दाम झटका द्यायची की मी धपकन पाण्यात. सासरी मी पहिल्यांदा हसले ते हितंच. पुढं तिच्या पोराला लोणी देवकरच्या फॅक्टरीत नोकरी लागली आणि छबू इंदापूरला फ्लॅटमधी गेली. लई आठवण यायची.

घटाआधीचा रविवार उजाडला. समद्यांना फोन केलेले. कुणी म्हणलं मशीन घेतलंय, कुणी म्हणलं लाँड्रीवाला घरनं नेतो. छबूनं तर फोन उचललाच न्हाय. पायऱ्यांवर मी, माझी गोधडी आणि छत्री घेतलेली इरा. लाजंनं मेल्यागत झालं.

"लिही, कुणी आलं न्हाय. लाव तुझं रेलिंग," असं म्हणून मी गोधडी तुडवाय लागले. पोरगी टोक धरायला पुढं झाली. मी म्हणलं, "ऱ्हाऊ दे. तुझं काम न्हाय हे."

तेवढ्यात वर रिक्षा थांबली. गुडघे धरत, काखेत गोधडी मारून छबू उतरली. "सरक गं भवाने! यष्टी चुकली म्हणून उशीर झाला."

इरानं छबूची गोधडी हातात घेतली. "काकू, ही तर धुतलेलीच आहे. वास येतोय साबणाचा."

"मग? सुनंनं मशीनला लावली कालच." छबूनं गोधडी सरळ पाण्यात सोडली. "धुवायला कोण आलंय? तितं दार लावलं की दिवसभर बोलाय माणूस न्हाय. हिच्याकडं यायला कायतरी निमित्त पायजे का न्हाय?"

मी गोधडीचं टोक तिच्या हातात दिलं. छबूचे गुडघे गेले, पण मनगट तसंच. असा झटका दिला की ह्या वयात मी पाण्यात बसले. छबू खिदळत हुती, मी शिव्या घालत हुते आणि डोळं पुसत हुते.

इरा पण हसत हुती. "काकू, फाटक लिहिते मी."

"लिही. पण रुंद लिही," मी म्हणलं. "हिला आता हात धरून उतरवावं लागतंय. दोघी एका वेळी मावलो पायजे."