वरची मोकळी जागा

पूर्णेच्या पंडितरावांना एंटर दाबायचा नाद लागला आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

आता माणसाची चूक तरी कशी म्हणावी? रेल्वेत पस्तीस वर्षं कारकुनी केलेली. रजिस्टरात एक रेघ वाकडी आली तर दुपारचा डबा गोड लागायचा नाही. रिटायर झाल्यावर हौसेनं कॉम्प्युटर शिकले. निवृत्त मंडळाच्या वेबसाइटवर एक बोर्ड होता, तिथं सगळे म्हातारे एकमेकांना गुडघ्यांवरची औषधं सांगत बसायचे. त्या बोर्डावर रविवारच्या स्नेहमेळाव्याचा कार्यक्रम टाकायचं काम पंडितरावांनी मागून घेतलं. साधं लिहून टाकलं असतं तर काय बिघडत होतं? पण छे! चौकटी पाहिजेत, रकाने पाहिजेत, एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानं मांडायच्या भाषेचा, कोड लिहून टेबलच पाहिजे.

पंडितरावांचा सगळा जीव त्या टेबलाच्या पाचव्या ओळीत होता. 'सकाळी ११.३० : पंडित हे मुंजाजींची जाहीर माफी मागतील : ५ मिनिटं.'

मुंजाजी हे मालगाडीचे गार्ड आणि पंडितरावांचे जिवलग. सहा वर्षांपूर्वी मुंजाजींच्या निरोप समारंभात पंडितरावांची जीभ घसरली. इंजिन कधीच सुटून गेलेल्या गाडीला मुंजानं पाऊण तास हिरवा झेंडा दाखवला, ही गोष्ट त्यांनी माईकवरून सांगितली, आणि तीही मुंजाजींच्या व्याह्यांसमोर! हॉल हसून हसून बेजार. मुंजाजी हार गळ्यात तसाच ठेवून निघून गेले, सोनपेठला जाऊन राहिले आणि त्यांनी पंडितरावांचा फोन कधी उचलला नाही. बोर्ड मात्र ते रोज वाचायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"चारचौघांत घालवलेली अब्रू चारचौघांतच परत द्यावी लागती," असं कुसुमबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं. म्हणून ही पाचवी ओळ.

पण ती दिसेल तर शपथ! बोर्डावर कार्यक्रमाचं नाव यायचं आणि त्याखाली नुसतं पांढरं. बोट सरकवून सरकवून दुखायला लागलं की मग कुठं पार तळाला टेबल. तितकं खाली जातंय कोण? "मेळावा रद्द झाला का?" असं दोघांनी विचारलंसुद्धा. पंडितरावांनी कोड आणखी नीटनेटका केला. दर रकान्याला वेगळी ओळ, दर ओळीला एंटर. पुन्हा टाकला तर टेबल आणखी दोन विती खाली गेलं.

गुरुवारी मंडळाचे सेक्रेटरी नागनाथ यांचा फोन आला. "जयभीम पंडितराव. उद्या दुपारपर्यंत दिसलं न्हाई तर मी कागदावर लिहून फोटो टाकतो. आन् ती माफी-बिफी गाळतो. मेळाव्यात रडारड नको."

पंडितरावांनी बोर्डावरच मदत मागितली. नोकरीभर तारेची भाषा, शब्द मोजून वापरायची खोड. त्यांनी लिहिलं: 'वरची मोकळी जागा काढायची आहे. जाणकारांनी तातडीने संपर्क साधावा. पंडित, पूर्णा.'

दहा मिनिटांत उत्तरं सुरू.

'किती गुंठे?'

'कोपऱ्याची आहे का?'

'लांबी-रुंदी कळवा.'

पंडितरावांना वाटलं, वा! माणसं किती खोलात शिरायलेत. त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं, 'रुंदी पुरेपूर. लांबी रोज वाढत आहे. खाली टेबल आहे.'

'टेबल जागेसोबत देणार का?' असं वालूरच्या एका गृहस्थानं विचारलं. तेव्हा कुठं पंडितरावांनी कपाळावर हात मारला.

शुक्रवारी सकाळी कुसुमबाई ओरडत आत आल्या. "अवो, घराच्या वरच्या अंगाला दोन माणसं टेप धरून जागा मोजायलेत! आन् त्यांना एक पाठमोरा म्हातारा छत्रीनं हाकलायलाय!"

पंडितराव बाहेर धावले. छत्रीवाले म्हणजे मुंजाजी! पहिल्या एस.टी.नं सोनपेठहून आलेले, घामाघूम आणि लालेलाल.

"लाज वाटती का रं?" मुंजाजी गरजले. "ती जागा मला देतो मनला व्हतास. शेजारी घर बांध मनला व्हतास. आन् आता जगाला इकायलास?"

"आरं, ती जागा न्हाई! ती तुझीच हाय, बाबा. ही दुसरी हाय, कॉम्प्युटरातली!"

"कॉम्प्युटरात कवा घेतलीस जागा?"

पंडितरावांनी त्यांना धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं आणि कोड दाखवला. मुंजाजींनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"आन् हे डबे असे सुटे सुटे कामून हुबे केलेस?"

"दर ओळीला एंटर मारलंय. सुटसुटीत दिसावं मनून."

"मधी फट ठिवून गाडी जाती का? सगळं एका लायनीत जोड."

"तुला यातलं काय कळ..." पंडितरावांनी जीभ चावली. एकदा बोलून सहा वर्षं घालवली होती. ते मुकाट्यानं एकेक एंटर पुसायला लागले. ओळी एकमेकींना चिकटत गेल्या आणि अख्खा कोड एका लांबलचक ओळीत आला. तो बोर्डावर टाकला तर काय! टेबल टुणकन उडी मारून नावाखाली येऊन बसलं. दर एंटरची बोर्ड एक रिकामी ओळ धरत होता, आणि टेबलात मावत नाहीत म्हणून त्या सगळ्या वर रचून ठेवत होता. म्हणजे ही सगळी मोकळी जागा पंडितरावांनी स्वतःच्या हातानं तयार केली होती.

मुंजाजी बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. स्वागत. श्रद्धांजली. चहा. सत्कार. पाचव्या ओळीवर बोट थांबलं. चहा घेऊन आलेल्या कुसुमबाई दारातच उभ्या राहिल्या.

"काढ ही ओळ," मुंजाजी म्हणाले.

"कामून रं? माफी नको?"

"आरं येड्या, कशाची माफी मनून लोक इचारतील का न्हाई? मंग तू परत ती झेंड्याची गोष्ट माईकवरून सांगणार!"

पंडितरावांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. कुसुमबाईंनी पदर तोंडाला लावला.

"माफी मागायची तर इथं माग. आत्ता. वहिनी हायेत की ऐकायला."

पंडितरावांनी तोंड उघडलं. पाच मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना.

"मुंजा, चुकलं रं माझं."

"लय चुकलं," मुंजाजी म्हणाले. त्यांनी चहा बशीत ओतला आणि खुर्ची पंडितरावांच्या खुर्चीला लागेपर्यंत सरकवली. "सरक जरा. आता काढ ती ओळ आन् जेवण वर घे."

पंडितराव ओळ पुसायला लागले. डोळे इतके भरून आले होते की दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.