धाकटीच्या वावरातला कायोंगो

ओलूच्या धाकट्या बायकोचं, अपोंदीचं, वावर ओढ्याच्या काठाला होतं. मका गुडघ्याएवढा झाला की तिथं कायोंगो उगवायचा. जांभळ्या फुलांचा टारफुला. दिसायला देखणा, पण जमिनीखाली मक्याचं मूळ धरून रस ओढणारा. मका उभ्याउभ्या पिवळा पडायचा.

"पायगुण, दुसरं काय!" थोरली सवत, ओचोलाची आई, पाणवठ्यावर चारचौघींत म्हणाली. "माझ्या वावरात दाखवा एक तरी फूल."

बाया हसल्या. अपोंदीनं डोक्यावरची घागर खाली ठेवली.

"ताई, गोठ्यातलं सगळं शेण तुमच्या वावरात जातं. माझ्या जमिनीला लग्न होऊन आल्यापासून पाटीभर मिळालं नाही. उपाशी जमिनीतच हा माजतो. माझे पाय कशाला बघता?"

"गोठा थोरल्या घराचा असतो."

"गाई धन्याच्या आहेत. आणि शेण रोज मी काढते."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिनं पाट्या भरायला घेतल्या. थोरली ओरडत आली. "अहो, बघताय काय? बोला की हिला!"

सावलीत बसलेला ओलू घसा खाकरत म्हणाला, "अपोंदी, रीत आहे ती..."

"रीत माझ्या पोरांची पोटं भरणार असेल, तर ही पाटी इथंच ठेवते. सांगा, भरेल?"

ओलू उठून घरात गेला. अपोंदीनं पाटी उचलली. थोरलीनं गोठ्याच्या तोंडाशी काटेरी फांद्या लावल्या, तर अपोंदीनं हातांनी त्या ओढून काढल्या आणि रक्ताळलेल्या बोटांनीच शेण भरलं.

पाऊस झाला आणि वावर हिरवंगार झालं, पण मक्यानं नव्हे. शेणावर माठ, हराळी, कुसळी नुसती फोफावली. थोरली बांधावर येऊन पोट धरून हसली. "खत घालून तण पिकवलंस गं!"

क्षणभर अपोंदीला सगळं सोडून माहेरी निघून जावंसं वाटलं. मग तिनं वाकून कुसळीचं एक रोप मुळासकट उपटलं.

"हे हाताला तरी लागतं, ताई. कायोंगो खालून खात होता, तेव्हा मला कळतही नव्हतं."

तिनं दोनदा खुरपणी केली. कोवळा माठ शिजवून पोरांना कुओनबरोबर, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, वाढला. कायोंगो आलाच, पण वरच्या मुरमाड कोपऱ्यात, जिथं शेण पुरलं नव्हतं. बी धरायच्या आत तिनं तो उपटून जाळला. बाकीचा मका काळपट हिरवा झाला. थोरलीच्या मक्याएवढी कणसं भरली नाहीत, पण भरली.

काढणीनंतर ओलू तिच्या दाराशी आला. "पुढच्या खेपेला थोरलीला विचारून ने शेण. घरात भांडण नको."

"विचारणार नाही," कणसं सोलत अपोंदी म्हणाली. "अर्धं माझं. तेवढंच नेणार, पण नेणार."

तेव्हापासून गोठ्याबाहेर दोन ढीग पडतात. थोरली तिच्याशी बोलत नाही.