लांब पडला की आखूड

सोमवारी सकाळी आमच्या लाँड्रीतलं मोठं मशीन बंद पडलं. आत नर्सिंग होमच्या चाळीस चादरी साबणाच्या पाण्यात भिजत होत्या, ड्रम जागचा हलत नव्हता आणि मोटर तेवढी एकटीच घूंऽ करत फिरत होती. दिरांनी मागचं झाकण उघडून आत हात घातला आणि तुटलेला काळा पट्टा शेपटीला धरून बाहेर काढला.

"वहिनी, बाईंनी मान टाकली." मशीनला ते बाईच म्हणतात.

"नंबर काय आहे त्याच्यावर?"

"पुसलाय. आठ वर्षं गरागरा फिरल्यावर आपलंही नाव पुसलं जाईल."

माझे यजमान गेल्यापासून लाँड्री मी आणि दीर मिळून चालवतो. ते मशीन बघतात, मी इस्त्री आणि गिऱ्हाइकं. नर्सिंग होमच्या चादरी रोज संध्याकाळी पाचला पोचायला लागतात. न पोचल्या तर तिथले पेशंट काल घाम आलेल्या चादरीवरच निजतात, म्हणून त्या कामाला मी कधी खाडा होऊ दिलेला नाही. मी पट्टा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मापकाकांकडे गेले.

मापकाकांचं सुट्या भागांचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. लांबट, अरुंद खोली. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खण, आणि वरच्या आडव्या दांडीला पट्टे, नळ्या, रबरी कड्या लोंबकळत असतात. पंपाचा, मिक्सरचा, पंख्याचा, कशाचाही मोडका तुकडा न्यावा. ते तो हातात घेतात, अंगठा फिरवतात आणि उठून बरोबर त्याच खणाकडे जातात. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. खरं नाव त्यांच्या मुलीशिवाय कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. काउंटरच्या मागे त्यांच्याच अक्षरातली पाटी आहे: 'नाही बसलं तर परत आणा. पैसे परत मिळतील.'

काकांनी पट्ट्याची दोन टोकं जुळवली. आतल्या खाचा बोटानं मोजल्या, दोन्ही हातांत धरून थोडं ताणलं.

"हा वाढलाय. मुळात बोटभर आखूड होता," ते म्हणाले आणि दांडीवरच्या तीन सारख्या पट्ट्यांतला एक काढून माझ्यासमोर ठेवला. "हा घ्या. नऊशे."

"काका, काही कमी?"

"मलाच सातशेऐंशीला पडतो, ताई. वरच्यात दुकानाचं भाडं, दिवा आणि मी."

त्यांची मुलगी दुपारच्या गोळ्या घेऊन आली होती. पाण्याचा पेला पुढे करत ती म्हणाली, "बाबा, त्यातला 'मी' तेवढा माझ्याकडे पाठवा. भाडं वाचेल."

"येणार ना. शब्द दिलाय तुला. ज्या दिवशी या हातून चुकीचा भाग जाईल, त्या दिवशी शटर ओढीन आणि तुझ्याकडे येऊन पडेन. एकतीस वर्षं झाली, अजून गेला नाही, त्याला मी काय करू?"

ती हसली, पण मनापासून नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात वडिलांसाठी तिनं खोली रिकामी करून ठेवली होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. काकांचा जीव या दुकानात होता, हेही सगळ्या गल्लीला माहीत होतं.

पट्टा चपखल बसला. चादरी पाचच्या ऐवजी सव्वापाचला पोचल्या, एवढंच.

संध्याकाळी दीर मोबाईल घेऊन इस्त्रीच्या टेबलापाशी आले. पट्टा बसवण्याआधी त्याच्यावरच्या नंबराचा त्यांनी फोटो काढून ठेवला होता.

"वहिनी, हाच नंबर. हीच कंपनी. ऑनलाइन किती असेल, सांगा."

"भावजी, राहू दे ना आता."

"साडेतीनशे! घरपोच! काकांना जेवढ्याला पडतो त्याच्या निम्म्यानं. म्हणजे काकांनीसुद्धा इथूनच मागवायला हवं."

"आणि बसवलेल्याचं काय?"

"चार दिवसांत हा येतो. मग तो काढायचा, हा घालायचा, तो परत. पाटीच आहे की त्यांची, नाही बसलं तर परत आणा."

"पण बसलाय."

"तो बसलाय हे आपल्याला माहीत. पट्टा थोडाच बोलणार आहे?"

मी इस्त्री पुढे सरकवली. नर्सिंग होमनं त्याच महिन्यात आमचा दर उतरवला होता. पलीकडच्या रस्त्यावरचा नवा धुलाईवाला स्वस्तात करतो, तुम्ही करणार की त्याला देऊ, असं सरळ विचारलं होतं. तेव्हा मला फार लागलं होतं. इतक्या वर्षांचं काम, इतकी वक्तशीर, आणि हे एका आकड्यावर आले, असं वाटलं होतं. हे सगळं मला त्या संध्याकाळी आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तरी मी गप्प राहिले.

शुक्रवारी पार्सल आलं. मांजर मावेल एवढं खोकं, त्यात कागदच कागद आणि तळाशी पट्टा. दीर म्हणाले, "एवढ्या खोक्यात नवं मशीनच पाठवलंय वाटतं." त्यांनी काकांचा पट्टा उतरवला, कापडानं पुसला, वरून अंगाला लावायची पावडर चोळली आणि झटकला. अगदी कोरा दिसायला लागला.

"तुम्हीच जा, वहिनी."

"मी का?"

"मी गेलो तर चार प्रश्न विचारतील. तुमच्यावर कोण शंका घेणार?"

खरं होतं. मी आवाज चढवत नाही, रोजची प्रार्थना चुकवत नाही, आठवड्यातला एक दिवस अन्नाशिवाय काढते. लोक मला पाहून आपलं बोलणं जरा सांभाळतात. तो सगळा नेम मी त्या दिवशी पिशवीत घालून दुकानात नेला आणि खर्चून आले.

"काका, हा बसला नाही."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. तेच मला अजून आठवतं. थोडं कुरकुरले असते तरी बरं झालं असतं.

"बसला नाही?" ते खुर्चीतून उठले. "लांब पडला की आखूड?"

हा प्रश्न मी धरलाच नव्हता. जे तोंडात आलं ते बोलले. "लांब."

"लांब." त्यांनी पट्टा घेतला, आतल्या बाजूनं अंगठा फिरवला. आता कळणार, असं वाटलं. पण त्यांनी तो उरलेल्या दोघांच्या शेजारी दांडीला अडकवला, गल्ल्यातून नऊशे काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "माझ्यामुळे तुमचे चार दिवस फुकट गेले, ताई. चादरींचं कसं केलंत?"

"बाहेरून करून घेतलं," मी म्हणाले. एकाला दुसरं जोडावंच लागलं.

"योग्य मापाचा शोधून देऊ?"

"दिरांनी आणलाय कुठून तरी."

बाहेर पडल्यावर मी देवाचे आभार मानले. ते आठवलं की आजही मान वर होत नाही.

दोन आठवडे मी ती गल्ली टाळली. मग इस्त्रीची वायर गेली आणि जावंच लागलं. दुकानाच्या काचेवर कागद चिकटवलेला: 'शनिवारी दुकान कायमचं बंद होत आहे.' आत काकांची मुलगी स्टुलावर चढून खण रिकामे करत होती. काका टेलिफोनला बसले होते, समोर वही, आणि वहीतल्या ओळींवर बोट.

"नमस्कार. तुम्ही गेल्या महिन्यात पंपाची कडी नेली होती. नीट बसली ना? गळत नाही ना? जरा बघून सांगता? हो, हो, थांबतो."

मी मुलीला हळूच विचारलं, "हे काय?"

"दोन आठवडे हेच चाललंय," ती खण पुसत म्हणाली. "कुणालातरी चुकीचं माप गेलं म्हणे. तेव्हापासून जो जो काही घेऊन गेलाय त्याला फोन. रात्री झोपेतून उठून बसतात, मला विचारतात, त्या मिठाईवाल्याला लांबचा दिला असेल का गं, त्या दवाखान्याला? मी म्हटलं, बाबा, एकदा चुकलं तर चुकलं. तर म्हणाले, चुकलं ते मला कळलं नाही ना, म्हणजे आणखी किती असतील कोण जाणे." ती क्षणभर थांबली. "माझ्याकडे यावेत असं मलाच वाटत होतं. पण असे नव्हे."

काकांनी फोन ठेवला. "ताई, या. वायर ना? मुलीकडून घ्या. ती वरचं छापलेलं वाचून देईल. मी आता देत नाही."

मी वायर मागितली नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पट्टा बसला होता. तुम्ही दिलेलं माप बोटभरही चुकलं नव्हतं. आम्ही तो चार दिवस चालवला, त्याच्यावरच्या नंबरावरून स्वस्तातला मागवला आणि हा पावडर लावून परत आणून दिला. लांब पडला हे मी तोंडाला येईल ते बोलले. काका, तुमचं काही चुकलेलं नाही. दुकान बंद करू नका.

एवढं बोलले तेव्हा मला वाटत होतं की मी त्यांना काहीतरी परत देतेय. माझी लाज मोठी होती, पण त्यांचा चेहरा आता उजळेल, असं मी धरून चालले होते.

काका उठले आणि दांडीवरचे तिन्ही पट्टे काढून काउंटरवर ठेवले.

"चार दिवस चालवलेला यातला कुठला?"

त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि एकेकाच्या आतून अंगठा फिरवला. पहिला. दुसरा. तिसरा. पुन्हा पहिला.

"चाललेल्या पट्ट्याच्या खाचा गुळगुळीत होतात," ते म्हणाले. "चार दिवस म्हणजे पुष्कळ झालं. तुम्ही बघा."

मी हात लावला. दुसऱ्यालाच कळलं, बाकीचे खरखरीत आणि हा साबणाच्या वडीसारखा. मी तो पुढे केला. त्यांनी पुन्हा चाचपला आणि हळूच खाली ठेवला.

"मला तिन्ही सारखेच लागतात."

"बाबा, पावडर होती त्याच्यावर," मुलगी स्टुलावरून उतरत म्हणाली.

"पावडर डोळ्यांना फसवते. बोटांना काय झालं?"

मुलगी माझ्याकडे वळली. आवाज खालचा होता, पण शब्द धारदार. "शनिवारी सगळं आटपणार होतं. आजच सुचलं का तुम्हाला खरं बोलायला? तुमचं मन हलकं झालं असेल. जा आता."

"ताईंना बोलू नकोस," काका म्हणाले. "हा पट्टा कोरा म्हणून मी कुणालाही विकला असता. कळलं ते बरं झालं." ते खुर्चीत बसले. "म्हणजे माप बरोबर होतं."

"अगदी बरोबर होतं, काका."

"ऑनलाइनचा कसा चाललाय?"

"चांगला चाललाय." तो तुटला असता, निदान किंचाळला असता, तर सांगायला मला सोपं गेलं असतं. पण तो उत्तम चालत होता.

"चालणारच. नंबर बरोबर होता ना." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी पर्समधून नऊशे काढून काउंटरवर ठेवले. ते नको म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घेतले, गल्ल्यात टाकले आणि चाललेला पट्टा माझ्यापुढे सरकवला.

"काका, माप तर अजून बरोबर येतंय. तुमची मुलगी हात लावून बघेल, तुम्ही माप सांगा..." मी म्हणाले.

"शनिवारचं ठरलंय ते राहू दे." त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "बसा त्या स्टुलावर. यातल्या अकरा जणांना मी सांगितलंय की माझ्या हातून चूक झाली, तुमचंही तपासून बघा. बिचारे नळ उघडून, मशिनं उघडून बसलेत. त्यांना फोन करा. काय झालं ते सांगा."

"मी?"

"मी सांगितलं तर म्हातारा आता आपली बाजू सावरतोय असं वाटेल."

मी बसले. पहिला नंबर मिठाईवाल्याचा होता. मी माझं नाव सांगितलं, लाँड्रीचं सांगितलं आणि म्हटलं, "मापकाकांचं माप चुकलं नव्हतं. त्यांनी दिलेला पट्टा बसला होता. बसला नाही असं मी खोटं सांगितलं होतं." तो म्हणाला, काय? मोठ्यानं बोला, इथे भट्टी चालू आहे. मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं, आणि त्याहून मोठ्या आवाजात तिसऱ्यांदा. रस्त्यावरून जाणारे दोघे आत डोकावले.

दुसरे गृहस्थ हसले. तिसऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही? तुम्ही खोटं बोललात?" आणि मी हो म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवून दिला. एक जण म्हणाला, हरकत नाही हो, आम्ही सगळेच करतो तसं. ते मला सगळ्यात जड गेलं, कारण काका समोरच बसले होते आणि फोनमधला आवाज बाहेर ऐकू येत होता. मुलगी खण पुसायची थांबली होती. पाचव्या फोननंतर तिनं पाण्याचा पेला माझ्याजवळ आणून ठेवला, माझ्याकडे न बघता.

अकरावा फोन नर्सिंग होममध्ये लागला, आमच्या चादरी जातात तिथेच. तिथल्या मेट्रनबाईंनी पाण्याच्या टाकीचा फ्लोट नेला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या कामाबद्दल त्या काय ठरवतील, ते त्यांच्या आवाजावरून मला कळेना.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "मग काका दुकान चालू ठेवताहेत ना? आमचा दुसराही फ्लोट गेलाय."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"नाही," मी फोनमध्ये म्हणाले.

"शनिवारपर्यंत आहे, म्हणावं," काका म्हणाले. "जुना फ्लोट घेऊन या म्हणावं. माप मी सांगेन."

मी तसं सांगितलं.