परतीची फेरी

गफ्फारभाईंना यवतमाळला न्यायचं तर यवतमाळचं नाव काढायचं नाही, हे नेरमधल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. दवाखान्यासाठी म्हटलं तर ते अमरावती सुचवत. लग्नाचं कापड म्हटलं तर नेरात काय दुकानं नाहीत का, असं विचारत. त्यामुळे माझी भाची प्रेरणा आणि तिच्या इंजिनीअरिंगच्या मैत्रिणींनी यवतमाळच्या एका मंगल कार्यालयात रेल्वेच्या छोट्या मॉडेलचं प्रदर्शन मांडलं, तेव्हा मी त्यांना आग्रह केलाच नाही. एवढंच सांगितलं, की पोरींनी तुमची शकुंतला बनवली आहे आणि नक्की चुकीची बनवली असणार. चूक काढायला माणूस कुठेही येतो. गफ्फारभाई दुसऱ्या दिवशी दाढी करून तयार होते.

त्यांच्या मुलाच्या, जमीरच्या गाडीत आम्ही सहा जण बसलो. पुढे जमीर आणि गफ्फारभाई, मागे त्यांची बायको अमिनाबी, सून मेहनाज, माझी बायको विमल आणि दाराला चिकटलेला मी. अमिनाबींनी डब्यात एवढं भरलं होतं की आम्ही यवतमाळला नाही, अजमेरला निघालोय असं कुणालाही वाटलं असतं.

गफ्फारभाई शकुंतलेवर, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या छोट्या रेल्वेवर, फाटकवाले होते. ही जात आता राहिली नाही, म्हणून सांगतो. त्या छोट्या लाईनवर बऱ्याच फाटकांना माणूस नसे. माणूस गाडीतच असे. फाटक आलं की गाडी अलीकडे थांबायची. हे उतरायचे, फाटक लावायचे, हिरवी झेंडी दाखवायचे. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची. हे फाटक उघडायचे आणि धावत जाऊन शेवटच्या डब्यात चढायचे. ड्रायव्हर हिरासिंग आरशातून पाहत राहायचा. हे चढल्याशिवाय गाडी हलायची नाही. एका माणसासाठी अख्खी गाडी थांबते, ही गोष्ट माणसाच्या अंगात मुरते. रिटायर झाल्यावरही गफ्फारभाई रस्ता ओलांडताना बाकीच्यांनी थांबावं अशाच चालीने चालतात.

एके दिवशी यवतमाळहून गाडी मूर्तिजापूरला पोचली आणि तिथे कळलं, की आता पुढचा हुकूम येईपर्यंत बंद. हुकूम आला नाही. हे एस.टी.ने यवतमाळला घरी आले. येताना बस त्यांच्याच एका फाटकातून रूळ ओलांडून गेली आणि ते उघडं होतं. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं. जायची फेरी झाली, यायची राह्यली. सुरुवातीला लोक हळहळले, मग हसले, मग ऐकेनासे झाले. मी तिन्ही केलं आहे. पण त्यांनी घर नेरला हलवलं आणि यवतमाळकडे पाठ केली, ती आजपर्यंत.

हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. गाडी पाहायला आलेली पंधरा, गाडीसोबत फोटो काढायला आलेली पन्नास, आणि उरलेली बाहेर कचोरी संपल्यामुळे आत आली होती. मधोमध मोठं टेबल. एका कोपऱ्यात यवतमाळ स्टेशन, समोरच्या कोपऱ्यात मूर्तिजापूर, मध्ये कापसाची शेतं, पळसाची झाडं आणि तीन फाटकं. माझे तर डोळे भरून आले. प्रेरणाने मान वर केली आणि माझ्याऐवजी गफ्फारभाईंकडे पाहिलं. परीक्षक कोण आहे हे तिला बरोबर कळलं.

गाडी निघाली. पहिलं फाटक आपोआप खाली आलं. शेजारी केबिन, केबिनमध्ये प्लास्टिकचा फाटकवाला. गाडी न थांबता निघून गेली.

"फाटक कोनं लावलं?" गफ्फारभाईंनी विचारलं.

प्रेरणाने सेन्सरचं सांगितलं. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकलं आणि चिमटीने तो प्लास्टिकचा माणूस उचलून तिच्या तळहातावर ठेवला. इथं माणूस नव्हता, म्हणाले. माणूस गाडीत होता. मग त्यांनी तिला सगळं समजावलं. पोरगी हुशार, तिने वाद न घालता सेन्सर बंद केले आणि गाडी चालवायचं बटण त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी गाडी यवतमाळहून सोडली. फाटकाआधी थांबवली, बोटाने फाटक पाडलं, गाडी पुढे नेली, थांबवली, फाटक उचललं. आणि मग काहीच केलं नाही. लोक वाट पाहत होते. मेहनाजने हळूच विचारलं, अब्बा, बिघडली का? ते म्हणाले, चढून राह्यलो. मेहनाज ओढणीआड हसली. मीही हसलो असतो, पण विमलने कोपर मारलं.

तीन फाटकं, मूर्तिजापूर. तिथून रूळ रंगवलेल्या डोंगरामागून वळून थेट यवतमाळला येत होते, आणि गाडी त्या बाजूने निघालीच होती, तेवढ्यात त्यांनी ती थांबवली.

"हे कुठं चालली?"

"यवतमाळला, चाचा. गोल ट्रॅक आहे."

"हे फिरणं झालं, बाई. परत येणं नाही." मग ते हळू म्हणाले, "आली त्याच रस्त्यानं ने मले."

प्रेरणाने उलटं चालवायचं बटण दाखवलं. त्यांनी मान हलवली. मूर्तिजापूरला इंजिन सुटायचं आणि दुसऱ्या टोकाला लागायचं. डबे ढकलत कुणी घरी येतं का? मग प्रेरणाने इंजिन उचललं, फिरवलं आणि दुसऱ्या बाजूला जोडलं. एवढं करताना तिने कपाळावर आठी आणली नाही. आमच्या घराण्यात हा गुण तिच्या बापाकडून आला असावा.

परतीची फेरी सुरू झाली. तिसरं फाटक, थांबणं, उतरणं, चढणं. दुसरं फाटक. लोक एकेक करून पांगले. कुणीतरी म्हणालं, एवढ्या वेळात खरी गाडी पोचली असती. जमीरने दोनदा घड्याळ पाहिलं, पण बापाच्या तोंडाकडे पाहून तिसऱ्यांदा पाहिलं नाही. तो चेहरा मी नेरमध्ये इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. ओठ हलत होते. पावलं मोजत असावेत.

पहिलं फाटक. यवतमाळच्या अलीकडचं शेवटचं. गाडी पलीकडे गेली, थांबली. त्यांनी फाटक उचललं. समोर स्टेशन वीतभर अंतरावर. बटणावर अंगठा होता, पण दाबत नव्हते.

प्रेरणाने माझ्याकडे पाहिलं. मी गफ्फारभाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, चढा ना आता.

"चढलो का पोचली," ते म्हणाले. "मंग माह्याजवळ काय राह्यलं?"

मी त्यांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

अमिनाबी इतका वेळ मागे खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या उठून टेबलाजवळ आल्या. यवतमाळच्या फलाटावर पोरींनी नखाएवढी माणसं उभी केली होती, त्यांच्याकडे त्या वाकून पाहत राहिल्या.

"त्या दिवशी मी टेशनावर गेलते," त्या म्हणाल्या.

"कोन्त्या दिवशी?"

"ज्या दिवशी तुमी बसनं आले. मले कोनं सांगितलं होतं गाडी बंद झाली म्हणून? सुरमई साडी नेसून गेलते. तुमी घरी आले तं कुलूप दिसलं नाही का तुमाले?"

"तू म्हणली बाजारात गेलते."

"मंग काय सांगू? तुमचं तोंड पायलं अन् बाजार म्हणलं."

गफ्फारभाई अमिनाबींकडे वळले. बटण तसंच हातात.

"किती वेळ उभी होती?"

"दिवे लागले तरी." त्यांनी पदर सावरला. "टेशन मास्तर म्हणे, जा बाई घरी. मी म्हणलं, फाटकं लय हायेत लाईनवर, येळ लागते त्यायले."

जमीर भिंतीकडे पाहू लागला. माझ्या विमलने नाक पुसलं.

"चढा आता," अमिनाबी म्हणाल्या. "पाय दुखून राह्यले माहे."

गफ्फारभाईंनी अंगठा दाबला. गाडी हळू, फार हळू, स्टेशनात शिरली. हाताला सवय नव्हती. थांबवेपर्यंत ती फलाटाच्या पुढे इंजिनभर निघून गेली. त्यांनी प्रेरणाला विचारून गाडी मागे घेतली. पुन्हा थोडी पुढे. पुन्हा बोटभर मागे. शेवटचा डबा कुठे उभा राहायचा, हे फलाटावर वाट पाहणाऱ्याला माहीत असतं म्हणे, म्हणून तो बरोबर तिथेच आला पाहिजे. आणि बरोबर कुठे, हे ते आता अमिनाबींना विचारत होते.