ओडेल प्रुइट यांची अठ्ठावीस मिनिटं

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत ओडेल प्रुइट यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "वकीलबाई, जेवलात का?"

दुपारचे तीन वाजून गेले होते. मी म्हटलं, "हो, जेवले."

"खोटं. माझी बायको अगदी अशीच थाप मारायची."

एकसष्ट वर्षांचा, सहा फुटी माणूस. फ्रेस्नो शहराच्या दक्षिणेकडे नाणी टाकून कपडे धुवायची एक लाँड्री आहे, तिथे ते नऊ वर्षं कामाला होते. बावीस वर्षांपूर्वी घरफोडीच्या गुन्ह्यात त्यांना शिक्षा झाली होती. ती त्यांनी भोगली, सुटले, संसार केला, बायकोला मूठमाती दिली. पण आमच्या कॅलिफोर्नियात असा गुन्हा एकदा नावावर लागला की त्या माणसाने बंदुकीला हात लावायचा नाही. स्वतःच्या नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. मी ज्यांना वकील परवडत नाही अशांचे खटले लढवते. माझ्याकडे या कलमाखाली महिन्याला चार-पाच जण तरी येतात, आणि त्यातले बहुतेक गुन्हा कबूल करून कमी शिक्षेची तडजोड करतात.

"काय झालं ते पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं.

ऑगस्टमधला शनिवार होता. लाँड्रीत पाय ठेवायला जागा नव्हती. सात नंबरच्या ड्रायरमध्ये कुणाचे तरी कपडे कधीचे सुकून पडले होते. गिऱ्हाईक खोळंबलं म्हणून ओडेल ते टोपलीत काढायला लागले, तेव्हा उशीच्या अभ्र्यातून पिस्तूल घरंगळलं आणि फरशीवर आपटलं.

"माझ्या गुडघ्याशी तीनेक वर्षांची पोर उभी होती. आई तिकडे चिल्लर काढत होती. पोर खाली वाकली. मग काय करणार? उचललं."

"आणि मग?"

"मालकिणीला फोन केला. ती म्हणाली, पहिलं ते माझ्या दुकानाबाहेर ने. मग ते बादलीत टाकलं, वर ओला टॉवेल घातला, आणि निघालो."

"पोलिसांना फोन का नाही केला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच लहान पोर आहे. "माझ्यासारखा काळा धिप्पाड माणूस, हातात पिस्तूल, आणि पोलिसांना म्हणू, या? वकीलबाई, मला म्हातारपण बघायचं होतं हो. म्हटलं, अग्निशमन दलाच्या ठाण्यात नेऊन देऊ. तिथली पोरं त्यांच्या चादरी आमच्याकडे आणतात. मला ओळखतात."

पण एका गिऱ्हाइकाने आधीच फोन केला होता. ओडेल दुकानातून निघाल्यानंतर अठ्ठावीस मिनिटांनी, चार चौक पुढे, पोलिसांच्या तीन गाड्यांनी त्यांना घेरलं. ते न सांगताच रस्त्यावर पालथे झोपले आणि ओरडले, "बादलीत आहे! मी बादलीपासून लांब आहे!"

आमच्या कायद्यात एक बारीकशी वाट आहे. धोका टाळण्यासाठी क्षणभर हत्यार हातात घेतलं, ते योग्य जागी सोपवायचाच हेतू होता आणि पोलिसांपासून लपवायचं नव्हतं, एवढं आरोपीने पटवून दिलं तर तो सुटू शकतो. पटवून द्यायची जबाबदारी मात्र आरोपीची. सरकारी वकील केसलर यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. चार चौक चालायला अठ्ठावीस मिनिटं लागतात का? शिवाय पोलीस ठाणं उत्तरेला, आणि हा माणूस निघाला दक्षिणेला. अग्निशमन दलाचं ठाणं दक्षिणेला आहे हे खरं, पण ओडेल यांची खोलीही तिकडेच. दोन्ही वाटा पाचव्या चौकात फुटतात. त्यांना पकडलं चौथ्यात.

"एक वर्ष तुरुंग, गुन्हा कबूल," केसलर म्हणाले. "खटला हरलात तर जुन्या गुन्ह्यामुळे शिक्षा दुप्पट. सहा वर्षांपर्यंत. तुमच्या म्हाताऱ्याला विचारा."

मी विचारलं. ओडेल यांनी उलट मलाच विचारलं,

"तुमचा विश्वास बसतोय का माझ्यावर?"

"माझ्या विश्वासाला तिथे किंमत नाही. ज्युरीतल्या बारा लोकांचा बसायला हवा."

"ते नाही विचारलं मी."

मी फाइलचं पान उलटलं. अशा खोलीत मी खूप गोष्टी ऐकल्या आहेत, आणि चांगल्या गोष्टी खोट्याही निघाल्या आहेत. ते हसले. "बरं. नाही करत कबूल. लढा."

आमच्या कार्यालयातल्या तपासनिसाने एका टायरच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मिळवलं. त्यात ओडेल बसथांब्याच्या बाकावर बसलेले दिसत होते. सतरा मिनिटं नुसते बसून होते. बादली बाकाच्या एका टोकाला, ते दुसऱ्या टोकाला, दोन्ही तळवे गुडघ्यांवर उघडे. मध्येच एक बाई येऊन बादलीजवळ बसू लागली, तर ते धडपडत उठले आणि बादली उचलून पार रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

"का बसलात?" मी विचारलं.

"पाय चालेनात. थरथरत होते."

आता उरली मालकीण, सिरानुश केलेजियन. आमच्या तपासनिसाला तिने सांगितलं होतं, मला कसलाच फोन आला नाही. पण फोन कंपनीची नोंद सांगत होती की एक मिनिट चाळीस सेकंद बोलणं झालंय. मी तिला साक्षीचं समन्स बजावलं. ती काय बोलेल याचा मला पत्ता नव्हता. उत्तर माहीत नसलेला प्रश्न कोर्टात विचारायचा नाही, असं आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात.

खटल्याच्या दुसऱ्या दिवशी ती काळा ड्रेस घालून आली. हातातली पर्स घट्ट धरून बसली. ओडेलकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

"त्या दुपारी मिस्टर प्रुइट यांनी तुम्हाला फोन केला होता?"

तिने पर्स आणखी जवळ ओढली. न्यायाधीशांनी मान वर केली.

"केला होता," ती म्हणाली. "आधी मी नाही म्हणाले. भीती वाटली. लोक म्हणतील, हिच्या दुकानात बंदुका सापडतात."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, बाई, इथे पिस्तूल आहे, मला हात लावायची बंदी आहे, तुम्ही लवकर या. मी म्हटलं, मी लग्नाला आलेय, ते आधी बाहेर काढ, माझ्या दारात पोलिसांच्या गाड्या नकोत." तिने पहिल्यांदाच ओडेलकडे पाहिलं. "मीच सांगितलं त्याला."

मग केसलर उठले. "ते कुठे नेणार, हे त्यांनी सांगितलं?"

"नाही."

"तुम्ही विचारलं?"

"मी फोन ठेवला होता."

झालं. नेमका हवा तो धागा तुटला. आता ओडेल यांना स्वतःच साक्षीला बसणं भाग होतं.

केसलर तासभर त्यांना पिळत होते. "खोली किती लांब होती तुमची?"

"अग्निशमन ठाण्याइतकीच."

"म्हणजे घरीही नेता आलं असतं."

"आलं असतं."

"आणि आम्ही तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

ओडेल म्हणाले, "साहेब, माझ्या शब्दाला किंमत नाही हे बावीस वर्षं ऐकतोय. पण घरी नेऊन मी करणार काय? मला ते बघवत नव्हतं. नाहीतर वर टॉवेल कशाला टाकला असता?"

केसलर म्हणाले, "लपवायला." आणि खाली बसले.

ज्युरी दीड दिवस आत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टायरच्या दुकानाचं चित्रण पुन्हा मागवलं. मी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून सफरचंद खायचा प्रयत्न केला; एक घास गेला नाही. विश्वास बसतोय का, हा ओडेल यांचा प्रश्न सारखा आठवत होता, आणि अजूनही खरं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

तीन वाजता बोलावणं आलं. ज्युरीची प्रमुख एक शाळाशिक्षिका होती. तिने हातातला कागद वाचला. "निर्दोष."

ओडेल यांनी डोळे मिटले आणि टेबलाची कड धरली. चार महिने तुरुंगात गेले होते. तेवढ्यात खोली गेली होती, सामान फुटपाथवर आलं होतं.

बाहेर सिरानुश उभी होती. "ओडेल," ती म्हणाली, "सोमवारपासून ये. पगार वाढवते. आणि माफ कर मला."

"माफ केलं, बाई. तुम्ही खरं बोललात, ते काय सोपं नव्हतं." ते पुढे म्हणाले, "पण कामाला नाही येणार. दुसऱ्याच्या कपड्यांत हात घालायची आता हिंमत नाही माझ्यात."

तिने नुसती मान हलवली. ओडेल न्यायला आलेल्या बहिणीच्या गाडीत बसले. काच खाली करून मला म्हणाले, "जा, वकीलबाई, आता तरी जेवा."